उन्हाळ्यात एएनआर हेडसेट पुन्हा पुन्हा का बिघडतो? खरखर, ढब्ब आवाज आणि बंद पडणारा कान

मार्च सरला की खानदेशातल्या धावपट्ट्यांवर एक तक्रार हमखास सुरू होते. धुळ्याचं गोंदूर घ्या, शिरपूर घ्या, जळगाव घ्या. शिकाऊ वैमानिक दुपारच्या सॉर्टीवरून (सरावाच्या उड्डाणावरून) उतरतो, हेडसेट गळ्यात अडकवतो आणि म्हणतो, "सर, याचं एएनआर गेलं." एएनआर म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज रिडक्शन, इंजिनचा घोंघाट उलट्या आवाजाने मारणारी हेडसेटमधली सोय. सकाळच्या गारव्यात तोच हेडसेट ठणठणीत होता. मग तो कुरिअरने दुरुस्तीला जातो, बऱ्याच दिवसांनी "दोष आढळला नाही" अशा चिठ्ठीसह परत येतो आणि पहिल्याच दुपारी पुन्हा तेच रडगाणं.

मी इन्स्ट्रक्टर आहे. शेजारच्या सीटवर बसून हा प्रकार इतक्या वेळा पाहिलाय की आता एक गोष्ट ठामपणे सांगतो: यातले बहुतेक हेडसेट बिघडलेले नसतातच. कानाभोवतीचं सील गळत असतं, जॅकमध्ये धूळ बसलेली असते, नाहीतर माइकवर वारा येत असतो. आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. लाखाच्या घरात जाणारी वस्तू, तीही बहुतेकांच्या घरी कर्ज काढून घेतलेली. ती विनाकारण महिनाभर कुरिअरमध्ये फिरावी आणि तोवर पोराने क्लबच्या कपाटातला सैल झालेला हेडसेट लावून कान शेकून घ्यावेत, हे मला पटत नाही. म्हणून कोणत्या क्रमाने शोधायचं ते इथे नीट लिहून ठेवतो.

आधी विचारा: नेमकं कधी होतं?

हेडसेट उलटासुलटा करून बघण्याआधी हा प्रश्न. "खरखर येते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. डावीकडे मान वळवली की येते, की पाय हलवला की, की फक्त बोलताना? थ्रॉटल पुढे नेल्यावर आवाजाची पट्टी चढते का? इंजिन बंद असताना, फक्त मास्टर स्विच आणि रेडिओ चालू ठेवून येते का?

मान वळवल्यावर ढब्ब असा आवाज आला तर सील. पाय किंवा गुडघा लागल्यावर खरखरलं तर जॅक किंवा केबल. बोलतानाच बिघडत असेल तर माइक, नाहीतर पीटीटी, म्हणजे रेडिओवर बोलायला दाबायचं बटण. थ्रॉटलबरोबर शिट्टी वरखाली होत असेल तर हेडसेट सोडा, विमानाच्या वायरिंगकडे बघा. आणि शांत विमानात, कोणी हलत नसताना एका कानात सतत घरघर किंवा शिट्टी असेल, तरच हेडसेटच्या पोटात काहीतरी झालंय असं म्हणता येतं.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अदलाबदल. तुमचा हेडसेट उजव्या सीटच्या जॅकला लावा, इन्स्ट्रक्टरचा तुमच्या जॅकला. दोष हेडसेटबरोबर गेला की जागेवरच राहिला? दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. दोष जागेवर राहिला तर हेडसेट दुरुस्तीला पाठवण्यात काही अर्थ नाही, कारण आजारी आहे तो विमानाचा जॅक.

एएनआर करतं काय, ते समजलं की अर्धी कोडी सुटतात

सेसना १७२ या प्रशिक्षण विमानाचं उदाहरण घेऊ. इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. टॅकोमीटरवर २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला आणि दोन पात्यांचा, म्हणजे पात्यांचे फटकेही सेकंदाला ८०. दोन्ही एकाच जागी येतात. कॉकपिटमध्ये छातीत घुमणारा जो जाड, खालच्या पट्टीतला आवाज असतो, त्याचा पाया हा ८० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटी.

८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरहून जास्त असते. एवढी लांब लहर कानाच्या कपातल्या दोन-तीन सेंटिमीटर जागेत जवळजवळ एकसारखीच असते. कपाच्या आत एक बारीक माइक असतो. तो हा आवाज टिपतो, सर्किट त्याची उलटी लहर बनवतं आणि स्पीकर ती सोडतो. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या पट्टीत हे जमत नाही. ४००० हर्ट्झची लहर साडेआठ सेंटिमीटरची, मग तेवढ्याशा अंतरातही सगळं गणित चुकतं. म्हणून वरच्या पट्टीतला आवाज अडवायचं काम कपाचं प्लॅस्टिक, आतला फोम आणि कानाभोवतीची गादी यांचं, आणि खालच्या पट्टीतला एएनआरचं. मोटर, वारा, शिट्टी असं सगळंच एएनआर खातं, हा समज खोटा आहे.

आता गादीला फट पडली तर काय होतं? ही फट सगळ्यात जास्त आत सोडते तो खालच्या पट्टीतलाच आवाज, म्हणजे जो मारायला एएनआर बसवलंय नेमका तोच. आणि स्पीकरने तयार केलेली उलटी लहरही त्याच फटीतून बाहेर निसटते. एकाच छिद्रातून दुहेरी नुकसान. मग सर्किट जोर लावतं, लावतं आणि स्पीकरची मर्यादा संपली की आवाज फाटतो. तोच तो ढब्ब किंवा पटपट. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला वारा अडवायला शेवरी लावतात. त्या कुंपणात एक भगदाड पडलं की लू नेमकी तिथूनच शिरते आणि समोरची सगळी ओळ फाडून टाकते. शेतकरी आधी भगदाड बुजवतो, केळीच्या खताचा हिशेब नंतर. सीलचंही तसंच आहे.

सील: दहातल्या सात तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं

परीक्षा अशी करा. जमिनीवर, इंजिन १००० आरपीएमच्या आसपास, एएनआर चालू. दोन्ही तळव्यांनी कप हलके कानावर दाबा. खूप नाही, नुसता आधार दिल्यासारखे. घुमणारा आवाज एकदम खाली बसला, तर तुमचं सील गळतंय. काही फरक पडला नाही तर सील ठीक. उलट, दाबताना हलकी किर्र शिट्टी आली तर घाबरू नका. कपातली हवा दबली की काही हेडसेट क्षणभर अशी तक्रार करतात, हात काढला की थांबते.

गळतीची कारणं, मी बघतो त्या क्रमाने सांगतो.

गॉगल. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात गॉगलशिवाय कोणी बसत नाही, आणि बसूही नये. पण बाजारात मिळणाऱ्या गॉगलच्या काड्या जाड, रुंद प्लॅस्टिकच्या असतात. गादी त्या काडीवरून उड्डाणपुलासारखी जाते आणि काडीच्या वर-खाली लांब त्रिकोणी फट राहते. सकाळी गॉगल नसतो, दुपारी असतो. म्हणून सकाळी हेडसेट चांगला आणि दुपारी खराब! पातळ, सपाट तारेच्या काडीचा गॉगल घ्या. वैमानिकांचे गॉगल सरळ पातळ काड्यांचे असतात ते उगाच नाही. पॉवरचा चष्मा असेल तर फ्रेम बनवतानाच दुकानदाराला सांगा.

त्यानंतर घाम आणि डोक्याचं तेल. गादीवरचं आवरण बहुतेक हेडसेटमध्ये कृत्रिम चामड्याचं असतं. तेल आणि घामाने ते आधी कडक होतं, मग त्याला केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. आतला फोम एका बाजूला चेपून बसतो. वरून बघून कळत नाही. गादी काढून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीत आणा. ज्या बाजूला उजेडाची रेघ दिसते तिथे ती बसलीय. कानाच्या मागे, जबड्याच्या खाचेत येणारा भाग आधी बसतो. रोज उडणाऱ्याने इथल्या हवेत वर्षातून एकदा गाद्या बदलाव्यात असं माझं मत आहे. नवी जोडी हेडसेटच्या किमतीपुढे काहीच नाही आणि बदलायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

मुलींना मी एक सांगतो. जाड वेणी किंवा अंबाडा मागे खाली असू द्या आणि कानाजवळची क्लिप काढा. कानातलं लहान, कानालगत बसणारं चालतं. लोंबतं चालत नाही. टोपीची कडही कपाखाली घालू नका. मुलांच्या बाबतीत दाढी फार आड येत नाही, पण कल्ले जाड ठेवले तर येतात.

घाम टिपायला मिळणारी कापडी आवरणं सुखाची वाटतात. पण कापडातून हवा जाते, म्हणजे थोडा आवाजही जातो. घालायची असतील तर पातळ घाला, रोज धुवा आणि घातल्यावर वरची तळव्यांची परीक्षा पुन्हा करा. जेलच्या गाद्या मऊ असतात, चष्म्याभोवती छान बसतात, मात्र जड असतात आणि उन्हात बंद विमानात ठेवल्या तर बिघडतात.

शेवटची गोष्ट डोक्यावरच्या पट्टीची. एएनआर हेडसेट कमी दाबाचे असतात, सैल वाटतात, म्हणून मुलं पट्टी वाकवून घट्ट करायला जातात. तसं करू नका. दोन्ही बाजूंची उंची सारखी करा, पट्टी डोक्याच्या टाळूवर आणा, कप कानाच्या मधोमध. एक कप वर आणि एक खाली असेल तर कानामागे फट पडणारच.

मागच्या उन्हाळ्यातली एक गंमत नाही, उपयोगाची गोष्ट सांगतो. एक मुलगा रनअपवरून (उड्डाणाआधी जमिनीवर करायच्या इंजिनच्या तपासणीवरून) परत आला. डाव्या कानात पटपट, उजव्यात काही नाही. हँगरमधल्या तंत्रज्ञ नानांनी अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?"

"नाना, डावं एएनआर गेलं."

नानांनी हेडसेट हातात घेतलाच नाही. त्याच्या डाव्या बाजूची खिडकी दाखवली. "टॅक्सी करताना उघडी ठेवली होतीस?"

"हो, उकडत होतं ना."

"लावून घे आणि परत रनअप कर."

खिडकी लावली, पटपट थांबली. पंख्याचा वारा उघड्या खिडकीतून आत येतो तेव्हा केबिनमध्ये खालच्या पट्टीचे जबरदस्त दाबाचे झटके बसतात. एएनआर ते मारायला जातं आणि त्याचा दम संपतो. डावी खिडकी उघडी म्हणून डावा कान. जमिनीवर बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत खिडकी उघडी ठेवावीच लागते, ते चुकीचं नाही. तेवढ्यापुरतं एएनआर बंद करा किंवा पटपट चालू द्या. टेकऑफआधी खिडकी लागली की बघा. तेव्हाही राहिली तर मग पुढे शोधायचं.

जॅक आणि प्लग

आपल्याकडच्या प्रशिक्षण विमानांत दोन प्लगची जोडी असते. जाड तो ऐकण्याचा, बारीक तो माइकचा. जाड म्हणजे पीजे-०५५, बारीक म्हणजे पीजे-०६८. जॅक बहुतेक विमानांत गुडघ्याच्या उंचीवर असतात आणि नीट बसलेला प्लगही हळूहळू बाहेर येतो. दोन्ही प्लग आत जाताना शेवटी टक् असा आवाज आणि हाताला खाच लागल्याची जाणीव व्हायला हवी. नुसता "आत गेला" पुरेसं नाही.

बारीक प्लगच्या टोकावर पीटीटीची लाइन असते, मधल्या रिंगवर माइकचा आवाज आणि मागच्या दांड्यावर ग्राउंड. म्हणून प्लग अर्धवट बसला तर विचित्र प्रकार होतात. बटण दाबलं की ट्रान्समिट होतं पण आवाज जात नाही, किंवा इंटरकॉमवर बोलणं ऐकू येतं आणि टॉवरला ऐकू जात नाही. हे ऐकून लगेच "रेडिओ गेला" म्हणू नका.

आमची धूळ बारीक आणि चिकट. कपाशीच्या हंगामात तंतूही असतात. प्लगवर काळपट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या सुती कापडाने दोन्ही प्लग फिरवत पुसा. कापड काळं झालं की समजा बरोबर केलंत. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, वरचा मुलामा गेला की प्लग कायमचा खरखरतो. तेलाचा फवारा नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि हेच अल्कोहोल कानाच्या गादीला लावू नका. गादी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसायची, सावलीत वाळवायची.

प्लग जॅकमध्येच ठेवून हळूच पाव फेरा फिरवा. खरखर बदलली तर जॅकच्या आतली पत्ती सैल किंवा मळलेली. ती पत्ती वैमानिकाने वाकवायची नाही. तो विमानाचा भाग आहे, विमानाच्या नोंदवहीत लिहा आणि इंजिनिअरला करू द्या. फिरवून फरक पडला नाही तर केबल तपासा. प्लगची मान, मधला बॅटरीचा डबा आणि कपात शिरते ती जागा. तिन्ही ठिकाणी केबल हलकी वाकवा आणि ऐका. केबल मनगटाभोवती करकचून गुंडाळायची सवय असेल तर ती मोडा. सैल वेटोळं करा, हेडसेट योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) लोंबकळत ठेवू नका.

एकाच कानात आवाज येतोय आणि दुसरा साफ मुका, पण एएनआर दोन्हीकडे चालू, असं असेल तर दुरुस्तीचा विचारही नको. हेडसेट स्टीरिओवर आहे आणि विमानाचं पॅनेल मोनो आहे. मोनो जॅक फक्त टोकाला आवाज देतो, म्हणून डावा कान चालतो, उजवा नाही. बॅटरीच्या डब्यावर किंवा त्याच्या झाकणाखाली मोनो-स्टीरिओची बारीक कळ असते. ती मोनोवर करा. एका विमानातून दुसऱ्यात गेल्यावर ही तक्रार आली तर पहिला संशय याच कळीवर घ्या.

माइक: "रीडेबिलिटी टू" ऐकावं लागतं तेव्हा

"रीडेबिलिटी टू" म्हणजे तुमचं बोलणं टॉवरला अधूनमधूनच कळतंय. इथे एएनआरचा दोष जवळपास कधीच नसतो, कारण कपातला माइक वेगळा आणि ओठांपुढचा वेगळा. ओठांपुढच्या माइकला दोन बाजूंना छिद्रं असतात. बाहेरचा घोंघाट दोन्ही बाजूंनी सारखा शिरतो आणि वजा होतो. तुमचा आवाज एकाच बाजूने जवळून येतो म्हणून टिकतो. हे तेव्हाच चालतं जेव्हा माइक ओठांच्या अगदी जवळ, पाच-सहा मिलिमीटरवर, आणि बरोबर तोंडाने असतो. बोलण्याची बाजू खुणेने किंवा ठिपक्याने दाखवलेली असते. फोम काढून एकदा बघून घ्या आणि फोमवरही पेनाने खूण करा. हनुवटीखाली लटकणारा माइक म्हणजे स्वतःचा आवाज फेकून देऊन इंजिनचा आवाज टॉवरला पाठवणं.

उन्हाळ्यात यात भर पडते ती वाऱ्याच्या नळीची. सेसनाच्या वरच्या कोपऱ्यातली हवेची नळी ओढून थेट चेहऱ्यावर घेतली की झोत माइकवर आदळतो. इंटरकॉमचा स्क्वेल्च (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज आला तरच माइक उघडणारी सोय) उघडतो तो मिटतच नाही, आणि शेजारच्याला वाटतं हेडसेट खरखरतोय. नळी छातीकडे वळवा. फोम नेहमी लावलेला ठेवा. घामाने भिजला असेल तर काढून पिळून वाळवा, दुसरा जवळ ठेवा. क्लबचे सामायिक हेडसेट वापरणाऱ्याने निदान स्वतःचा फोम बाळगावा, तोंडाजवळची वस्तू आहे.

एका विमानात एक एएनआर आणि एक जुना पॅसिव्ह (एएनआर नसलेला) असे दोन हेडसेट असले की माइकची ताकद वेगवेगळी असते. एकासाठी जुळवलेला स्क्वेल्च दुसऱ्याला शब्द खातो: "...वन माइल फायनल" एवढंच ऐकू येतं, पहिला शब्द गायब. इंजिन चालू झाल्यावर, रनअपच्या आरपीएमवर स्क्वेल्च पुन्हा लावा. शांत केबिनमध्ये लावलेला उपयोगाचा नाही.

बॅटरी

थोडक्यात. दुपारी पार्किंगमध्ये बंद असलेल्या विमानाच्या आत बाहेरच्यापेक्षा खूप जास्त तापतं. काचेखाली, ग्लेअरशील्डवर ठेवलेल्या हेडसेटमधले अल्कलाइन सेल गळतात आणि डब्यातल्या स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर येतो. एएनआर मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर आधी तो डबा उघडा. रोजच्या उड्डाणानंतर हेडसेट विमानात सोडू नका. चार्ज होणारे निकेल सेल वापरत असाल तर त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबू नका. क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, सुटे सेल खिशात ठेवा, बॅगेत मागच्या सीटवर नकोत.

एएनआर मधल्या वाटेत गेलं तर काय? काही नाही. आवाज वाढेल, संपर्क चालूच राहील, कारण हेडसेट पॅसिव्ह म्हणून चालत राहतो. आधी विमान उडवा. एकट्याने उडताना सेल बदलायला खाली बघत बसू नका.

विमानाचा स्वतःचा आवाज

थ्रॉटलबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा, विमानाची वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. क्षणभर अल्टरनेटरचा स्विच बंद करून ती गेली तर नक्की झालं. हे फक्त जमिनीवर आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असताना करायचं. ठरावीक लयीत टिक... टिक... येत असेल तर स्ट्रोब (बाहेरचा लुकलुकणारा) दिवा बंद करून बघा. दोन्हींचं नेहमीचं मूळ ग्राउंडमध्ये असतं. हेडसेटचे जॅक विमानाच्या धातूपासून वेगळे ठेवायचे असतात, त्यासाठी त्यांच्याभोवती इन्सुलेशनचे वॉशर असतात. एखादा वॉशर फुटला किंवा बसवायचा राहिला की जॅक बॉडीला टेकतो आणि विमानाच्या विजेचा सगळा कचरा कानात येतो. पॅसिव्ह हेडसेटमध्ये हा आवाज इंजिनच्या घोंघाटात झाकला जातो, एएनआरमध्ये स्पष्ट ऐकू येतो. म्हणून नव्या हेडसेटवर आळ येतो. शेजारचा खिशातला मोबाइलही गुर्र गुर्र आवाज देतो, तो फ्लाइट मोडवर टाका.

मग शिकणाऱ्याने एएनआर घ्यावा का?

घ्यावा, आणि सुरुवातीलाच घेतला तरी हरकत नाही असं माझं मत. याला विरोध करणारे सहकारी आहेत आणि त्यांचा मुद्दा खरा आहे: एएनआरमध्ये इंजिनचा जाड आवाज इतका खाली जातो की आरपीएम शंभर-दीडशेने पडले तरी कानाला कळत नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिनेही २००७ मध्ये असे हेडसेट वापरताना इशाऱ्याचे आवाज ऐकू येतात ना याची खात्री करा, असं वैमानिकांना कळवलं होतं. यावर उपाय आहे. पहिल्या काही सॉर्टींत मी एएनआर मुद्दाम बंद करायला लावतो, मग चालू, मग पुन्हा बंद. स्टॉल वॉर्निंगचा (पंखांची उचल संपत आल्याच्या इशाऱ्याचा) भोंगा दोन्ही अवस्थेत ऐकवतो. आणि आरपीएम कानाने नाही, टॅकोमीटरवर डोळ्याने बघायची सवय लावतो. ती तशीही लागायलाच हवी.

मला कानांची काळजी जास्त वाटते. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबलची आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. लहान पिस्टन विमानाच्या केबिनमध्ये ९० च्या वर आवाज ही रोजची गोष्ट आहे. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास उड्डाण लागतं, आणि इन्स्ट्रक्टर झालात तर एवढे तास काही महिन्यांत होतात. पहिल्या वर्गाच्या मेडिकलमध्ये ऑडिओमेट्री असते. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० ला ५० पेक्षा जास्त घट चालत नाही. घोंघाटाने होणारं नुकसान बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, म्हणजे परीक्षेच्या पट्टीच्या बाहेर. रिपोर्ट "फिट" येतो आणि कान आतून झिजत असतात. म्हणून ४००० चा आकडा स्वतः विचारून घ्या, जपून ठेवा, दरवर्षी ताडून बघा. एएनआरचा खरा फायदा असा की जाड आवाज गेला की रेडिओचा आवाज कमी करता येतो. खूप जण एएनआर लावूनही व्हॉल्यूम जुन्याच जागी ठेवतात. तो खाली आणा.

असा हेडसेट बनवायची कल्पना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात सुचली. १९८६ च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर 'व्हॉयेजर' विमानाने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा त्यांच्या कानांवर याच पद्धतीचे प्रायोगिक हेडसेट होते. नऊ दिवस पिस्टन इंजिनच्या शेजारी. बाजारात असा वैमानिकी हेडसेट १९८९ मध्ये आला. म्हणजे ही चैनीची वस्तू म्हणून जन्मलेलीच नाही.

एएनआरचे पैसे जुळत नसतील तर चांगला, घट्ट बसणारा पॅसिव्ह हेडसेट आणि त्याखाली फोमचे इअरप्लग लावा. रेडिओचा व्हॉल्यूम थोडा वाढवा. रुबाबदार दिसत नाही, पण कान वाचतात. सैल गादीच्या महाग एएनआरपेक्षा ही जोडी मी कधीही पसंत करीन.

तरीही दोष राहिलाच, तर पाठवताना

नव्या गाद्या, पुसलेले प्लग, नवे सेल, दुसरं विमान, एवढं सगळं करूनही एका कानात घरघर राहिली, कप उलटसुलट केले तरी ती त्याच कपात राहिली, तर आतला माइक किंवा सर्किट गेलंय. आता पाठवा. पण चिठ्ठीत "एएनआर चालत नाही" लिहाल तर टेबलावर शांत खोलीत तपासून ते परत "दोष आढळला नाही" लिहितील. कोणता कान, कोणत्या विमानात, किती आरपीएमला, बाहेर किती तापमान, गॉगल होता का, किती वेळ उडल्यावर सुरू झालं, दुसऱ्या सीटवर लावल्यावर काय झालं, हे लिहा. शक्य असेल तर रनअपच्या वेळी कपाला मोबाइल लावून आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दोष फक्त तापल्यावर येत असेल तर तेही ठळक लिहा आणि हेडसेट तापवून तपासा अशी स्पष्ट विनंती करा. जुन्या गाद्याही सोबत त्याच डब्यात घाला.